वावभर दोरी

सर्जेकोटच्या खाडीचं पाणी गढूळ आहे असं सांगणं म्हणजे मिरची तिखट आहे असं सांगण्यासारखंच. पावसाळ्यात नदी डोंगरातली तांबडी माती आणून ओतते आणि ती माती दिवाळी आली तरी खाडीच्या तोंडाशी रेंगाळत राहते. पर्यटकांना दाखवायचा निळा समुद्र पलीकडे, तोही थंडीतला. अलीकडचं पाणी पोटासाठी बुडणाऱ्यांचं. त्यात हात लांब केला तर कोपरापुढचा हात आपलाच आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं.

ऋतुजा कुबल अशा पाण्यात लग्न झाल्यापासून काम करत होती. मच्छीमारांची तुटून हरवलेली नायलॉनची जाळी तळाच्या खडकांना अडकून पडतात आणि कुणी मालक नसतानाही मासे मारत राहतात. ती शोधायची, कापायची आणि वर आणायची, हा तिचा धंदा. आधी नवऱ्याबरोबर, म्हणजे दत्तप्रसादबरोबर. तो गेल्यापासून त्याच्या मित्राबरोबर, निळू पराडकरबरोबर. वर होडी सांभाळायला तिची थोरली नणंद, सुवर्णावन्सं. वन्संचा एक कान लहानपणीच फुटलेला, त्यामुळे त्या स्वतः कधी बुडल्या नाहीत. बुडणाऱ्यांना शिव्या घालायचं काम मात्र त्या चोख करत.

पाणबुड्या नवरा गेला म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, समुद्राने नेला. दत्ताला समुद्राने कधी ओरखडासुद्धा काढला नव्हता. तो ऋतुजाच्या माहेरी लावणीला मदत करायला गेला, गुडघाभर चिखलात चार दिवस उभा राहिला आणि लेप्टोच्या तापाने आठवड्यात गेला. ऋतुजाचा तेव्हापासून भाताच्या खाचरांवर राग होता. समुद्रावर रागवायला तिच्याकडे कारण नव्हतं, आणि तेच तिला जड जायचं. रागवायला हक्काचं कुणी असलं की दुःखाला जरा टेकायला मिळतं.

तर अशात ‘निवळी’ आली.

नाव जुनंच. पूर्वी गढूळ पाण्याच्या हंड्यात निवळीची बी उगाळून घालत, गाळ खाली बसायचा. ही निवळी म्हणजे पाणबुड्याचा मुखवटा होता. किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेने तो तयार केला होता आणि डॉक्टर मंजिरी सोवनी नावाच्या बाई तो घेऊन सर्जेकोटला आल्या होत्या. त्यांनी धक्क्यावर बसून सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं.

“धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला तर काय होतं?” त्यांनी विचारलं. “धुकंच उजळतं, रस्ता दिसत नाही. गढूळ पाण्यात टॉर्चचं तेच. मातीचे कण उजेड चारी दिशांना उधळतात. पण आवाजाला मातीचं काही वाटत नाही. म्हणून हा मुखवटा बारीक आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा, आणि त्याचा प्रतिध्वनी परत घेतो. त्यावरून त्याला समोरचा आकार कळतो. फक्त आकार. मातीच्या ओल्या गणपतीसारखा, डोळे न रेखलेला.”

“मगे डोळे कोण रेखता?” वन्संनी विचारलं.

“आठवण रेखते,” सोवनीबाई म्हणाल्या. “तुमच्याकडे स्वच्छ पाण्यातल्या जुन्या चित्रफिती असतील ना, त्या आम्हाला द्या. त्या बघून निवळी शिकते की या खडकावर कसलं शेवाळ असतं, वाळूचा रंग कसा, कुठला मासा कसा वळतो. मग गढुळात आकार सापडला की त्यावर ती आठवणीतलं रूप चढवते आणि आतल्या काचेवर दाखवते. अंधारात आपण नाही का, नुसत्या चालीवरून शेजाऱ्याला ओळखतो? तसंच. पण लक्षात ठेवा, निवळी बघत नाही. ओळखते. आणि ओळखण्यात चूक होऊ शकते.”

शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं कोण वाचतो!

ऋतुजाने घरातल्या सगळ्या चित्रफिती देऊन टाकल्या. बारा हिवाळ्यांच्या. तिच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून काढलेल्या, मांजरखडप नावाच्या पाण्यातल्या खडकाच्या, पांढऱ्या वाळूच्या, धक्क्याच्या खांबांच्या. त्यांत आणखी काय होतं याचा विचार तिने केला नाही.

पहिल्याच दिवशी ती निवळी लावून मांजरखडपाजवळ उतरली. खाली गेल्यावर तांबडा अंधार झाला, कानाशी बारीक टकटक सुरू झाली आणि काचेवर हळूहळू सगळं उजळलं. जानेवारीतल्यासारखं निळं पाणी. खडपाची ओळखीची खाच. शेवाळाचा हिरवा पट्टा. तिला इतकं हसू आलं की मुखवट्यात पाणी शिरलं. मग तिने उजवीकडे निळू कुठे आहे ते बघितलं.

उजवीकडे दत्ता होता.

हिरव्या पट्ट्यांची टोपी. डाव्या पायात घातलेल्या पोहायच्या फिनला ट्यूबच्या रबराचं ठिगळ. डोकं जरा कलतं ठेवून पोहायची सवय. त्याने तिच्याकडे वळून बघितलं आणि हात वर करून ‘सगळं ठीक’ची खूण केली. ती खूणही त्याचीच. होडीवरच्या दोर ओढायच्या यारीत सापडून त्याच्या तर्जनीचं पेर गेलं होतं, म्हणून तो अंगठ्याला मधलं बोट जोडायचा.

ऋतुजा वर आली तेव्हा तिला होडीत चढता येईना. वन्संनी काखेत हात घालून ओढून घेतलं. निळू अजून पाण्यात होता, जाळ्याची पिशवी बांधत.

“काय गो? रडतंस कित्याक?”

“वन्सं, दत्ता दिसलो माका.”

वन्संनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग तिने सगळं सांगितलं. निळूच्या आकारावर निवळीने दत्ता चढवला होता. बारा वर्षं प्रत्येक चित्रफितीत तिच्या उजव्या हाताला एकच माणूस होता. तिच्या उजवीकडे जो माणूस असेल तो दत्ता, एवढंच त्या यंत्राला माहीत होतं. दत्ता मेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वन्संनी वल्हं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“काय घातलेलान?” त्यांनी विचारलं.

“ती हिरवी टोपी.”

“पट्ट्यांची?”

“पट्ट्यांचीच.”

“मी घेतलेलंय ती तेका. कुडाळच्या बाजारात,” वन्सं म्हणाल्या आणि पाण्याकडे पाठ करून बसल्या. “हसत होतो?”

“हसत होतो.”

त्या दिवसापासून हे दोघींचं गुपित झालं. सोवनीबाईंना कळवायला हवं हे दोघींना कळत होतं, आणि कळवलं की काय होईल हेही कळत होतं. तेव्हा आज नको, उद्या बघू, असं चालू राहिलं. संध्याकाळी चूल पेटवताना वन्सं विचारायच्या, “आज कसो होतो?” आणि ऋतुजा सांगायची. आज खडपामागून आला. आज कासव बघून थांबला. घरात फोनमध्ये दत्ताचे शेकडो व्हिडिओ होते, पण ते बघवत नसत. त्यांतला दत्ता तेव्हाच्या ऋतुजाकडे बघत होता. पाण्यातला दत्ता आजच्या ऋतुजाकडे वळायचा, तिच्या केसांत पांढरे आल्यानंतरच्या.

निळूला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्याकडे संस्थेची साधी निवळी होती, तिच्यात ऋतुजा म्हणजे काळ्या कपड्यांतली, बिनचेहऱ्याची बाई दिसायची. निळू चाळिशी ओलांडलेला, सरळ, जरा मंद वाटणारा माणूस. बायको लग्नानंतर दोन वर्षांत सोडून गेली होती, तिच्याबद्दलही त्याने कधी वाईट शब्द काढला नव्हता. दत्ता असल्यापासून तो ऋतुजाला ‘वयनी’ म्हणायचा आणि ती त्याला ‘भावोजी’.

पाण्यात ती त्याचा हात धरायला लागली.

आधी एकदा, खडपाच्या खाचेतून जाताना. मग रोज. काम झाल्यावर वर यायच्या आधी दोघं तळाशी जरा थांबायची आणि ती त्याच्याकडे बघत राहायची. होडीत आली की मात्र ती अवघडून दुसरीकडे बघायची. निळूने याचा जो अर्थ लावला तो कुणीही लावला असता. बाईमाणूस आहे, विधवा आहे, गाव काय म्हणेल याची भीती आहे. वर बोलता येत नाही म्हणून खाली बोलते. त्याने धीर धरला. एवढंच केलं की तिला ‘वयनी’ म्हणणं सोडून दिलं. दुसरं काही म्हणायला तोंड उघडेना, तेव्हा तो तिला कशानेच हाक मारेनासा झाला. “ऐकलात?” म्हणायचा, नाहीतर नुसता खाकरायचा.

दसऱ्यानंतर त्याने रीतीप्रमाणे वन्संना गाठलं. धक्क्यावर त्या जाळीतले खेकडे सोडवत होत्या. निळूने त्यांच्यासमोर टोपलीभर कालवं ठेवली.

“ही कित्याक?”

“तुमका,” निळू म्हणाला. “आणि एक विचारूचा होता. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आसा?”

“कोणाच्या?”

निळूने मान होडीकडे वळवली. ऋतुजा तिथे सिलिंडर धुत होती.

वन्संच्या हातातला खेकडा त्यांच्याच बोटाला चावला. एरवी त्यांनी त्या खेकड्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

“तुका असा कित्याक वाटला?”

“पाण्यात त्या येगळ्या असतत,” निळू म्हणाला, आणि लाजला. चाळिशीतला माणूस लाजतो तेव्हा बघणाऱ्यालाच कानकोंडं होतं.

घरी आल्यावर वन्संनी कालवं चुलीपाशी आपटली. “ऐक गो. तो माणूस खुळो झालो. तू तेचो हात धरतंस आणि तेका वाटता तो हात तेचोच आसा. माझो भाव माका प्यारो, पण जितो माणूस तो जितो माणूस. सांग तेका.”

“सांगतंय,” ऋतुजा म्हणाली.

“कधी?”

“दिवाळी झाली काय सांगतंय.”

त्याच आठवड्यात सोवनीबाईंचा फोन आला. दुसऱ्या एका बंदरात एका पाणबुड्याला निवळीने मोकळी वाट दाखवली होती आणि तिथे पडझडीत आलेला नवा दगड होता. थोडक्यात वाचला. “तुमच्या निवळीत काही वावगं दिसतंय का? नसलेलं काही? अगदी बारीक असलं तरी सांगा.”

चुलीपाशी वन्सं पाठमोऱ्या होत्या. त्यांनी भाकरी थापायची थांबवली.

“नाही,” ऋतुजा म्हणाली. “सगळं ठीक आहे.”

वन्संनी पुन्हा भाकरी थापायला घेतली.

आता दोरीचं सांगायला हवं.

गढुळात दोघं उतरले की मनगटाला मनगट बांधतात. मध्ये वावभर दोरी. दोन्ही हात पसरले की होते ती लांबी. ही रीत कुठल्या पुस्तकातली नाही, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या जुन्या माणसांकडून आलेली. दत्ताच्या आजोबांनी ती दत्ताच्या बापाला दिली आणि दत्ताने ऋतुजाला. दोरीला एक हिसका म्हणजे ‘आहेस?’ त्याला उलट एक हिसका म्हणजे ‘आहे.’ दोन हिसके, थांब. तीन हिसके, ये, मी अडकलोय. लग्नानंतर पहिल्यांदा गढुळात उतरताना ऋतुजा घाबरली होती, तेव्हा दत्ता म्हणाला होता, “डोळे फसवतले, कान फसवतले. दोरी फसवूची नाय.”

निवळी आल्यावर बाकीच्यांनी दोरी सोडून दिली. सगळं दिसतंय तर बांधून कशाला घ्यायचं? ऋतुजाच्या होडीत मात्र वन्संची सत्ता होती, त्यांनी दोरी सोडू दिली नाही. ऋतुजानेही हट्ट केला नाही. तिने फक्त दोरीचं टोक मनगटावरून काढून कमरेच्या पट्ट्याच्या कडीत अडकवलं. हात मोकळा राहतो, जाळं कापायला बरं पडतं, असं ती म्हणाली. खरं तर तिला हात धरायला मनगट मोकळं हवं होतं. शिशाच्या जड पट्ट्यावर, शेजारी जाळ्याची भरलेली पिशवी लोंबत असताना, दोरीचा हिसका तिथपर्यंत पोचतो की नाही हे तिने कधी बघितलं नाही. बघायला दत्ता दिसत होता.

दिवाळीच्या आधीच्या त्या दिवशी सकाळी ऊन छान होतं. समुद्राला हलकी झोल, लाटांचा संथ हेलकावा, होती. मांजरखडपाच्या पलीकडच्या अंगाला मोठं जाळं अडकल्याची खबर होती. दोघं उतरले. निवळीने खडप दाखवलं, जाळ्याचे जाड दोर दाखवले. नायलॉनचा बारीक धागा मात्र आवाजाला सापडत नाही, केसाएवढ्या धाग्यावरून प्रतिध्वनी काय येणार! तो हाताने चाचपायचा असतो. ऋतुजाने आपल्या बाजूचे दोर कापायला घेतले.

थोड्या वेळाने तिने सवयीने उजवीकडे बघितलं. दत्ता खडपाला टेकून निवांत होता. तिला एक जुना जानेवारी आठवला, दोघं काम टाकून असेच बसले होते, तो. निवळीलाही तोच आठवला असावा.

कमरेला काहीतरी ओढल्यासारखं झालं. झोल असेल, तिने मनात म्हटलं.

दत्ताने हात वर केला. अंगठा आणि मधलं बोट. सगळं ठीक.

तिने चाकू खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली. किती दिवसांत त्याला इतकं निवांत बघितलं नव्हतं! तिला वाटलं, हवा संपेपर्यंत इथेच राहावं, वर चूल, धक्का, दिवाळी, निळूला सांगायचं ते, सगळं वरच राहू दे. पुन्हा कमरेला ओढ लागली. दत्ताने पुन्हा हात वर केला. पुन्हा तीच खूण.

मग ओढ थांबली. आणि पुन्हा लागली. एक, दोन, तीन.

झोल तीन मोजत नाही.

ऋतुजाने कमरेवर हात नेला आणि दोरी मुठीत धरली. आता ते स्पष्ट कळलं. तीन हिसके, मध्ये जरा थांबून पुन्हा तीन, आधीपेक्षा हलके. समोर दत्ता हसत होता, हात वर करत होता, ठीक आहे म्हणत होता. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. आणि दोरी फसवत नाही हे तिला दत्तानेच शिकवलं होतं.

तिने एकदा त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग कानशिलाजवळचं बटण दाबलं.

सगळं गेलं. तांबडा अंधार, दुसरं काही नाही. ती दोरी धरून हातावर हात टाकत गेली. वावभर अंतर ते केवढं! दोरीच्या टोकाला मनगट सापडलं, आणि ते जाळ्याने करकचून खडपाला आवळलेलं होतं. हिसके देणारा दुसरा हात आता वेड्यासारखा हवेत, म्हणजे पाण्यात, फिरत होता. तो तिच्या तोंडावर आपटला आणि मग त्याने तिचा खांदा धरला. तिने चाचपत निळूचं तोंड शोधलं. जाळ्यात ओढून त्याची श्वासाची नळी अर्धी सुटली होती. तिने स्वतःची जादा नळी त्याच्या तोंडात कोंबली, आणि तो जो श्वास घेऊ लागला त्याचा आवाज तिला सगळ्या अंगाला ऐकू आला. मग ती डोळे मिटून कापत गेली. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं!

होडीत निळू पालथा पडून खोकत राहिला. वन्सं त्याच्या पाठीवर थापट्या मारत त्याच्यासकट सगळ्या नायलॉनवाल्यांचा उद्धार करत होत्या. त्याला बोलता यायला वेळ लागला. बोलला तेव्हा वन्संकडे बघून नाही.

“तू माका बघीत होतंस,” तो ऋतुजाला म्हणाला. आजवर तो तिला ‘तुमी’ म्हणत आला होता. “सरळ माझ्याकडे. मी हात करून बोलयत होतंय आणि तू बघीत होतंस. हलूक नाय.”

ऋतुजाने कमरेच्या कडीतून दोरीचं टोक सोडवलं.

“रोज इचारतंय मी दोरयेर, आहेस काय म्हणान. दर वेळेक. एकदासुद्धा जबाब देवक नाय तू. माका वाटला, हात धरलेलो आसा, मगे जबाब आणि कशाक होयो?”

“भावोजी,” ती म्हणाली, “तुमी माका दिसतच नव्हतात.”

आणि तिने सांगितलं. टोपी, ठिगळ, मधलं बोट, सगळं. हात कुणाचा म्हणून धरत होती तेही. सांगताना ती थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा उद्यावर गेलं असतं. निळूने ऐकून घेतलं. त्याच्या मनगटावर दोरीचा लाल वळ उठला होता, त्याच्यावर तो अंगठा फिरवत राहिला.

“चांगलो दिसता?” त्याने शेवटी विचारलं. “दत्ता?”

“हां.”

“बरा,” निळू म्हणाला. “माझो पण तो दोस्त होतो.” आणि होडी लागल्यावर कुणाशी न बोलता चालत गेला.

त्याच दुपारी ऋतुजाने सोवनीबाईंना फोन केला. त्यांनी ओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, “तुमच्या निवळीची सगळी आठवण पुसावी लागेल. एकटा माणूस त्यातून काढता येत नाही, तो खडकांत, पाण्यात, सगळ्यात मिसळलेला असतो. मुखवटा दोन दिवसांनी न्यायला येते. जुन्या चित्रफिती तुमच्याकडे राहतीलच.”

“त्या राहतील,” ऋतुजा म्हणाली.

म्हणजे दोन दिवस हातात होते. एकदा, फक्त एकदा खाली जावं आणि निरोप घ्यावा, असं तिला फार वाटलं. पण दत्ता दिसायला उजवीकडे कुणीतरी जिवंत माणूस लागत होता. निळू येणार नव्हता, आणि आला असता तरी आता ते कुठल्या तोंडाने मागायचं?

वन्संनी ते न सांगता ओळखलं. सकाळी त्या धक्क्यावर आल्या त्या दत्ताचा बुडायचा जुना पोशाख काखेत मारून.

“चल. मी येतंय खाली.”

“वन्सं, तुमचो कान…”

“जळो तो कान. वावभर तर जावचा.”

“पण तुमका काय दिसाचा नाय. तुमच्या जागेर तो माका दिसात.”

“ठावक आसा,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज एकाएकी लहान झाला. “माका दिसाचो नाय तर नाय. पण कोणी तरी माझ्याकडे बघून म्हणात, ह्यो दत्ता.”

ऋतुजाने तो पोशाख त्यांच्या हातातून काढून घेतला. मग दोघी धक्क्यावर बसून मोठमोठ्याने रडल्या. दत्ता गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा हे राहूनच गेलं होतं. बर्फाची गाडी आली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आणि वन्संनी रडता रडताच त्याला शिवी घातली.

मुखवटा गेला आणि आठवड्याने परत आला. नवा, कोरा. वन्संनी त्यातून एकदा आकाशाकडे बघितलं आणि फळीवर ठेवून दिला.

तुळशीचं लग्न झाल्यावर निळू आला. कुणी बोलवायला गेलं नव्हतं. आपला पोशाख घालून तो होडीच्या काठावर बसला आणि दोरीचं वेटोळं उलगडलं.

“ऋतुजा,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. “हात.”

तिने हात पुढे केला. त्याने मनगटावर दोरी बांधली, गाठ ओढून बघितली, आणि त्याचं काम होतं तेवढंच करून हात मागे घेतला. दुसरं टोक त्याने स्वतःच्या मनगटाला दातांनी बांधलं. त्याच्या चेहऱ्याकडे तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. नाकावर जुना व्रण होता. इतकी वर्षं तो तिला माहीत नव्हता.

“मुखवटो?” वन्संनी विचारलं.

“काचेचो साधोच द्या,” ऋतुजा म्हणाली.

खाली तांबडा अंधार होता. ती खडपाच्या खाचेत हात घालून दोर शोधू लागली. काम हाताला माहीत होतं, त्यामुळे मन मोकळं राहिलं आणि जायचं तिथे गेलं. उजवीकडे, वावभर अंतरावर, या गढुळात कुणीही असू शकत होतं. कुणी नाही म्हणून सांगणारं आता तिथे काही नव्हतं. हिरव्या पट्ट्यांची टोपी, कलतं डोकं. ती कापायची थांबली आणि त्या बाजूला तोंड करून राहिली. एवढी आठवण तिला कधीच आली नव्हती, तो दिसत होता तेव्हासुद्धा नाही.

मनगटाला एक हिसका बसला.

आहेस?

ती हलली नाही. पाणी कानाशी गुणगुणत होतं. पलीकडच्या माणसाने घाई केली नाही, दुसरा हिसका दिला नाही. दोरी सैल सोडून तो तिथे, त्या अंधारात, वाट बघत राहिला.

ऋतुजाने दोरी मुठीत धरली आणि एकदा ओढली.

आहे.